मधल्या पल्ल्याची तबकडी

या सदरात आजवर शुद्धलेखन, पाठांतर, मुलांची दप्तरे आणि पालकांचे हट्ट यांविषयी पुष्कळ लिहून झाले. खेळाविषयी लिहिण्याचा प्रसंग क्वचितच आला, आणि आला तोही शाळेच्या क्रीडासंमेलनाच्या निमित्ताने. तेव्हा आज मी एका खेळाविषयी, आणि तोही ज्याचे नाव आपल्या बेळगावात फारसे कोणी ऐकले नसेल अशा खेळाविषयी लिहिणार म्हटल्यावर वाचक क्षणभर थबकतील, हे मी जाणून आहे. पण ज्या गोष्टीने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मला पुन्हा पहिलीच्या बाकावर बसविले, तिच्याविषयी गप्प राहणे मला जमणार नाही.

2023 च्या उन्हाळ्याच्या सुटीत, खात्याची रीतसर परवानगी घेऊन, आम्ही उभयता कॅलिफोर्नियात चिरंजीवांकडे काही आठवडे राहून आलो. लॉस एंजल्सच्या अंगाला पॅसाडेना नावाचे टुमदार शहर आहे. त्याच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, एक विस्तीर्ण उद्यान असून त्यात जुने ओक वृक्ष दाटीने उभे आहेत. शेजारीच अवकाशयाने घडविणारी सुप्रसिद्ध जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा. दर शनिवारी सकाळी चिरंजीव खांद्याला पिशवी अडकवून या उद्यानात जात. पिशवीत प्लॅस्टिकच्या डझनभर तबकड्या. पहिल्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो तो केवळ पाय मोकळे करावेत म्हणून.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू असतो आणि काठी असते. येथे दोन्ही नाहीत. ठरावीक ओट्यावरून तबकडी फेकावयाची, ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकावयाची, आणि कमीत कमी फेकींत ती दूरवर खांबाला बसविलेल्या लोखंडी टोपलीत घालावयाची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. त्यांवर आदळून तबकडी आत पडली की जो खळखळाट होतो, त्याने मला गावाकडच्या बैलांच्या घुंगुरमाळांची आठवण झाली. खेळावयास तिकीट नाही, गणवेश नाही, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच वाटेवर.

ते उद्यान म्हणजे या खेळाचे जन्मस्थानच म्हणावयाचे. तेथे 1975 साली एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांची टोपली ही कल्पनाही त्यांचीच. त्याआधी ते ‘फ्रिस्बी’ विकणाऱ्या व्हॅम-ओ या कंपनीत होते. फ्रिस्बीची कुळकथाही गमतीची आहे. फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण 1938 च्या सुमारास समुद्रकिनाऱ्यावर आपल्या भावी पत्नीबरोबर केक भाजण्याची पत्र्याची ताटली फेकाफेकी करीत असता कोणीतरी ती पंचवीस सेंटला मागितली. दुकानात तीच ताटली पाच सेंटला मिळे! पुढे याच मॉरिसनने उडत्या तबकड्यांच्या अफवांचे पीक आले होते त्या काळात प्लॅस्टिकची तबकडी घडविली आणि 1957 साली ती बाजारात आली. हेड्रिक 2002 साली वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या काढण्यात आल्या. रक्षा नदीत सोडणाऱ्या आपल्या मनाला हे विचित्र वाटेल. मला मात्र तो गृहस्थ आवडला.

असो. चिरंजीवांनी मला फेकून पाहा म्हटले. पिशवीतली सर्वांत पातळ, धारदार कडेची, दिसावयास वेगवान अशी तबकडी मी स्वतःच निवडली आणि शाळेत मुलांना दाखवितो त्या आवेशाने, दात-ओठ आवळून, सर्व बळ एकवटून फेकली. ती वर चढली, दोर तुटलेल्या पतंगासारखी हवेत क्षणभर थांबली आणि डावीकडे झुकून झुडपात शिरली. दुसरी तशीच. तिसरीला मी अधिक जोर लावला, तर ती अधिकच वर चढून अधिकच डावीकडे गेली. चौथी हातातून वेळेवर सुटलीच नाही. ती उजवीकडे भलत्याच दिशेने गेली आणि तेथे कुत्रा फिरविणाऱ्या एका बाईंची मला क्षमा मागावी लागली.

मग सौभाग्यवती पुढे सरसावल्या. त्यांना खेळाचा गंध नाही. चिरंजीवांनी त्यांच्या हाती एक जाडसर, बोथट कडेची तबकडी दिली. त्यांनी ती, थापलेली भाकरी तव्यावर टाकावी तशी, सहज, आडवी सोडली. तबकडी जमिनीपासून छातीभर उंचीवरून सरळ, काडीमात्र न डुलता, पंचवीस-तीस पावले गेली आणि शहाण्या मुलासारखी खाली बसली. “बाबा, हे पाहा,” चिरंजीव म्हणाले, “आईने जोर लावलाच नाही.” त्या दिवशी घरी परतताना मी फारसे बोललो नाही.

या खेळात तबकड्या ढोबळमानाने तीन जातींच्या असतात. लांब पल्ल्याच्या, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. टोपलीजवळ वापरावयाच्या, त्या पटर. आणि या दोहोंमधल्या, मधल्या पल्ल्याच्या, म्हणजे मिडरेंज. ड्रायव्हरची कड रुंद आणि धारदार असते. तिला हवा कापण्यासाठी मोठा वेग लागतो, आणि तो वेग ज्याच्या हातात नाही त्याने ती फेकली की ती लगेच डावीकडे कोसळते. (येथे व पुढे जे लिहितो ते उजव्या हाताने, हाताची पाठ पुढे करून फेकणाऱ्यांसाठी; डावखुऱ्यांनी दिशा उलट्या वाचाव्यात.) 2016 साली डेव्हिड विगिन्स या तरुणाने नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याच्या साह्याने, 338 मीटर फेक केली हे खरे, पण ते बळ आणि ते तंत्र वेगळे. मिडरेंज तबकडी जाड, बोथट आणि सरळ स्वभावाची. नियमानुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे 8.3 ग्रॅमहून अधिक वजन चालत नाही, म्हणजे सुमारे पावणेबावीस सेंटिमीटरची मिडरेंज भरते फार तर 180 ग्रॅम. शाळेतल्या मुलींच्या थाळीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी! चिरंजीवांनी मला जी दिली तिचे नाव ‘बझ’. तिचे चार आकडे सांगतात: गती 5, तरंगणे 4, आरंभी उजवीकडे कलण्याची ओढ उणे 1, शेवटी डावीकडे कलण्याची ओढ 1. म्हणजे नीट फेकली तर जवळजवळ सरळच जाणारी. “ही तबकडी खोटे बोलत नाही, बाबा,” असे चिरंजीवांनी सांगितले. “वाकडी गेली तर चूक तुमची.”

चूक कोठे होती ते समजून घेण्यापूर्वी तबकडी उडते कशी हे थोडे पाहिले पाहिजे. लहानपणी आपण सर्वांनी भोवरा फिरविला आहे. जोवर त्याला फिरकी आहे तोवर तो ताठ उभा राहतो. फिरकी मंदावली की डुलू लागतो. तबकडीचेही तेच. फिरकी तिला स्थिर ठेवते. पण भोवऱ्याला आणखी एक खोड असते. तुम्ही त्याला एका बाजूने ढकलले तर तो त्या बाजूला न कलता पाव फेरा पुढच्या बाजूला कलतो. तबकडीचा वेग कमी झाला की हवा तिची पुढची कड उचलू पाहते. ती फिरती असल्याने पुढची कड उचलली न जाता डावी कड खाली जाते, आणि म्हणून प्रत्येक तबकडी शेवटी डावीकडे वळते. फेकतानाच पुढची कड वर असेल तर वेग लवकर मरतो आणि हे वळणे फार लवकर सुरू होते. माझ्या पहिल्या तीन फेकींचे पोस्टमॉर्टेम एवढेच. मी जितका जोर लावला तितके मनगट वर उचलले गेले, आणि जोराने मिळविलेले सगळे त्या वर उचललेल्या कडेने गमावले.

उपाय मनगटात आहे. तबकडी चार बोटांनी कडेखालून व अंगठ्याने वरून धरावी, आणि झारीने रोपाला पाणी घालताना मनगट करंगळीच्या बाजूला जसे किंचित झुकते तसे ते ठेवावे. एवढ्या छोट्या फरकाने माझ्या तबकडीची उंची निम्म्यावर आली. पकड आरंभी सैल असावी. मूठ आवळावयाची ती अगदी शेवटी, तबकडी सुटण्याच्या क्षणी. आधीपासून आवळलेली मूठ वेळेवर उघडत नाही. त्या बाईंच्या कुत्र्यावर जाऊ पाहणारी माझी चौथी फेक या जातीची होती.

यापुढचे सगळे मनगटाच्या मागे, खरे म्हणजे पायांत आहे. हे मला पटावयास आठवडा लागला. मी हाताने फेकत होतो. चिरंजीवांनी मोबाइलवर माझे चित्रण करून ते सावकाश चालवून दाखविले. मास्तरकीच्या तीस वर्षांत मी स्वतःला असे कधी पाहिले नव्हते. पाय जमिनीवर पुरता टेकण्यापूर्वीच माझा हात पुढे निघालेला. तबकडी छातीला वळसा घालून मोठ्या गोलाईत येत असलेली. आणि कोपर पोटाशी दुमडलेले. चिरंजीवांनी सांगितलेला क्रम असा: उजवा खांदा लक्ष्याकडे, खांदे व कंबर मागे वळवून तबकडी सरळ रेषेत मागे न्यावी, मग उजवा पाय पुढे टेकावा आणि त्यावर भार यावा, पाय टेकल्यावर कंबर वळावी, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर. तबकडी छातीच्या जवळून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी सरळ यावी, गोलाईत नव्हे. कोपर पुढे पोचले की दारासारखा हात उघडतो आणि सर्वांत शेवटी मनगट.

याचे मर्म मला उद्यानात नव्हे, चिरंजीवांच्या घराच्या मागील अंगणात उमगले. सकाळी स्नानानंतर मी ओला पंचा दोरीवर टाकण्यापूर्वी झटकला, आणि त्याचा ‘फट्’ आवाज ऐकून तसाच उभा राहिलो. पंचा झटकताना आपण हात पुढे नेतो आणि मग थांबवितो. हात थांबला की सगळा वेग पंच्याच्या टोकात जातो. गाडीवानाचा आसूडही याच न्यायाने वाजतो. बसच्या चालकाने ब्रेक दाबला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो, त्यातही तेच. पुढचा पाय म्हणजे तो ब्रेक. पाय टेकून कंबर थांबते तेव्हा खांदा वेग घेतो, खांदा थांबतो तेव्हा कोपर, कोपर थांबते तेव्हा मनगट. यांतल्या एकानेही आपली पाळी सोडून आधी धाव घेतली की साखळी तुटते, आणि हाताला एकट्यालाच सगळे ओझे उचलावे लागते. तेव्हा तबकडी वाकडी जाते, जवळ पडते, आणि वर खांदा दुखतो तो वेगळाच.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 2011 साली मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातील शाळेत सहशिक्षक होतो. क्रीडाशिक्षक नसल्याने खेळांचे काम माझ्याकडे आले होते, आणि मला त्यात ‘अजून जोर’ या दोन शब्दांपलीकडे काही येत नव्हते. आठवीत एक मुलगी होती. हाडापेराने मजबूत, रोज आईबरोबर शेतावर राबणारी. आदल्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया यांनी थाळीफेकीत सुवर्णपदक मिळविले होते. त्यांचे वर्तमानपत्रात आलेले चित्र तिने वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटविले होते. एक किलोची थाळी ती अशी भिरकावी की मैदानाच्या कडेला उभ्या मुलांनी मागे सरकावे. पण थाळी हटकून फक्कीने आखलेल्या डाव्या रेषेबाहेर पडे. मी प्रत्येक वेळी सांगत असे, “अजून जोर लाव, सरळ जाईल.” ती बिचारी जोर लावी.

तालुका स्पर्धेत तिच्या तिन्ही फेकी बाद ठरल्या. तिसरी सर्वांत लांब होती आणि सर्वांत बाहेर. त्यानंतर महिनाभर तिचा खांदा दुखत होता, असे तिच्या आईने मला सांगितले. सांगण्यात तक्रार नव्हती. ती मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही. मी समजूत करून घेतली की मुलींचे असेच असते, मन लागत नाही. पॅसाडेनाच्या त्या अंगणात ओला पंचा हातात घेऊन उभा असताना मला तिची फेक लख्ख दिसली. उजव्या हाताची थाळी उलट बाजूने फिरून येते, म्हणून उशिरा सुटली की डावीकडे जाते. माझी तबकडी उशिरा सुटली की उजवीकडे. बाजू उलट, चूक तीच. तिचा हात पायाच्या आधी निघत होता आणि मूठ आधीच आवळलेली होती. तिला जोर कमी कर, असे सांगणारा माणूस हवा होता. तिच्या वाट्याला मी आलो.

परतताना चिरंजीवांनी बझ माझ्या पेटीत घातली. आता रविवारी पहाटे, पाऊस नसेल तर, मी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर झाडांमधल्या मोकळ्या जागेत जातो. फिरावयास येणारी मंडळी आरंभी थांबून पाहत. आता पाहत नाहीत. माझी रीत अशी आहे. आधी पाऊल न टाकता, उभ्यानेच, वीस-पंचवीस मीटरवरच्या एका झाडाकडे दहा फेकी. बळ निम्मे. त्यांत तबकडी डुलते की नाही एवढेच पाहावयाचे, कारण डुलणारी तबकडी म्हणजे मनगट व खांदा यांच्या रेषा जुळल्या नाहीत. मग दहा फेकी तीन पावले टाकून. यातले मधले पाऊल उजव्या पायाच्या मागून तिरके जाते आणि ते सावकाश असले पाहिजे. घाई करावयाची ती फक्त शेवटच्या टेकण्यात. फेक झाल्यावर हात एकदम रोखावयाचा नाही. तो आपल्या वाटेने मागे जाऊ द्यावा आणि पुढचा पाय टाचेवरून फिरू द्यावा, नाहीतर कोपर व गुडघा त्याची किंमत मागतात. माझ्या वयाच्या माणसाने तर हे विसरूच नये. फेकण्यापूर्वी पाच मिनिटे खांदे व कंबर मोकळी करणेही टाळू नये.

प्रत्येक फेक मी पावलांनी मोजतो आणि डावी, उजवी की सरळ ते वहीत लिहितो. हजेरीपट भरण्याची सवय येथे उपयोगी पडली. पहिल्या रविवारी दहांतल्या दोन सरळ होत्या आणि चौतीस पावलांपलीकडे एकही नव्हती. वर्षभराने सहा सरळ, आणि सर्वांत लांब त्रेपन्न पावले. चिरंजीव हसतील, कारण तेथली पोरे याच तबकडीला ऐंशी-नव्वद मीटर नेतात. मात्र त्या त्रेपन्न पावलांच्या फेकीला लागलेले बळ पहिल्या रविवारच्या चौतिसांपेक्षा कमी होते, हे माझ्या खांद्याला ठाऊक आहे. ज्या रविवारी मन कशाने तरी रागावलेले असते, त्या रविवारची पाने वहीत उघडताच ओळखू येतात: डावी, डावी, डावी, उजवी.

शाळेत तबकड्या नाहीत, पण थाळी आहे. गेल्या जूनपासून पाचवीपुढच्या मुलामुलींना आठवड्यातून दोनदा मी मैदानावर नेतो. पहिले पंधरा दिवस हातात थाळी द्यावयाचीच नाही असा नियम केला. आधी पाय, मग कंबर. एका जुन्या मोज्यात वाळू भरून त्याची गाठ हातात देतो आणि ती झुलवून सोडावयास सांगतो. जो हात घाई करतो त्याचा मोजा भलतीकडे जातो आणि मुले हसतात. “अजून जोर” हे शब्द मी बोलावयाचे नाहीत असे ठरविले आहे. दोनदा बोललो, आणि दोन्ही वेळा मुलांनी मोजले.

परवा सातवीतली एक मुलगी, वर्तुळात उभी राहून, मागे न बघता म्हणाली, “सर, मग जोर लावायचा तरी कधी?”

मी म्हटले, “पाय टेकल्यावर.”

तिने पाय टेकला, थांबली, आणि थाळी दोन रेषांच्या मधोमध पडली. फार लांब नव्हे. सोळा मीटर. मी ते वहीत लिहिले.